त्वचेचा डोस: प्लॅनमधला आकडा आणि फिल्मवरचा आकडा वेगळे का येतात

प्रश्न थोडक्यात असा आहे. स्तन राखून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर एका रुग्णेसाठी ६ एमव्ही (मेगाव्होल्ट) क्ष-किरणांच्या टँजेन्शियल, म्हणजे छातीला घासून समोरासमोरून जाणाऱ्या, बीमचा, फिल्ड-इन-फिल्ड (मोठ्या क्षेत्रात लहान क्षेत्रे मिसळण्याच्या) पद्धतीचा, १५ भागांत (उपचाराच्या बैठकांत) ४० ग्रे (डोसचे एकक) देण्याचा प्लॅन केला. टीपीएसमध्ये (डोस आधी संगणकावर काढणाऱ्या प्रणालीत) त्वचेसाठी ३ मिमी जाडीचा पट्टा आखला असता एका ठरावीक जागी त्याचा सरासरी डोस विहित डोसच्या ७२ टक्के दिसला. उपचाराच्या पहिल्या आठवड्यात त्याच जागी ठेवलेल्या रेडिओक्रोमिक (किरणांनी रंग बदलणाऱ्या) फिल्मवर मात्र ५८ टक्के आला. यातला खरा आकडा कोणता, प्लॅन बदलावा का, आणि स्तन काढल्यानंतर छातीच्या भिंतीवर बोलस (त्वचेवर ठेवायची ऊतीसारखी चादर) ठेवून उपचार करताना टीपीएसवर कितपत भिस्त ठेवावी, असे विचारले आहे.

दोन्ही आकडे खरे असू शकतात, आणि दिलेल्या तपशिलावरून ते बहुधा खरेच आहेत. ते दोन वेगवेगळ्या खोलींवरचे आहेत, एवढेच. स्तनाच्या किरणोपचारात त्वचेच्या डोसवरून होणारे बहुतेक वाद मी जवळून पाहिले आहेत, आणि त्यांच्या मुळाशी अल्गोरिदमच्या चुकीपेक्षा खोली न सांगता केलेली तुलनाच अधिक वेळा सापडते. म्हणून माझा आग्रह असा असतो की, टीपीएसमधला त्वचेचा आकडा एकाच पद्धतीने केलेल्या दोन प्लॅनची तुलना करण्यासाठी वापरावा, एखाद्या रुग्णेच्या त्वचेला प्रत्यक्ष किती डोस मिळतो आहे हे ठरवण्यासाठी मोजमाप करावे, आणि दोन्हींच्या शेजारी खोली लिहिल्याशिवाय त्यांवर कोणताही निर्णय घेऊ नये. हे असे का, ते विस्ताराने मांडतो.

त्वचा हा एकच पृष्ठभाग नव्हे. सर्वांत वर एपिडर्मिस असते आणि तिच्या तळाशी सतत विभागत राहणाऱ्या बेसल पेशींचा थर असतो. आयसीआरपीने (किरणांपासून संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने) त्वचेच्या डोससाठी जी ०.०७ मिमी ही संदर्भ खोली धरली आहे, ती या थरासाठी. त्याखाली डर्मिस, तिच्यात सूक्ष्म रक्तवाहिन्या आणि लसीकावाहिन्या. स्तनावरच्या त्वचेची एकूण जाडी बहुतेक रुग्णांत दीड मिमीच्या आसपास भरते. उपचाराच्या शेवटी किंवा त्यानंतर लगेच साल निघून त्वचा ओली होणे, म्हणजे मॉइस्ट डेस्क्वामेशन, हे मुख्यत्वे बेसल पेशींच्या हानीमुळे होते. काही वर्षांनी दिसणारी टेलॅन्जिएक्टेसिया, म्हणजे फुगून वर दिसू लागलेल्या बारीक रक्तवाहिन्या, ही डर्मिसची गोष्ट आहे. आणि त्वचेखालचा घट्टपणा त्याहून खोलवरच्या डोसशी जोडलेला आहे. दाहक स्तनकर्करोगात तर डर्मिसमधल्या लसीकावाहिन्या हेच लक्ष्य असते. तेव्हा ‘त्वचेचा डोस किती’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. कोणत्या परिणामाची काळजी आहे त्यानुसार खोली बदलते आणि खोलीनुसार आकडा बदलतो.

किती बदलतो? १० × १० सेमी क्षेत्राचा ६ एमव्ही बीम लंब पडला, तर कमाल डोस साधारण १५ मिमी खोलीवर येतो. ०.०७ मिमीवर त्या कमाल डोसच्या १५ ते २० टक्केच डोस असतो, १ मिमीवर ३५ ते ४०, २ मिमीवर पन्नाशीच्या आसपास आणि ५ मिमीवर ८० च्या घरात. म्हणजे पहिल्या दोन मिमीत एका मिमीच्या फरकाने १५ ते २० टक्के गुणांचा फरक पडतो. प्लॅनमध्ये इतरत्र आपण २ टक्के किंवा २ मिमी अशा मर्यादा लावतो. इथे दोन मिमी म्हणजे डोस दुपटीहून अधिक.

आता तुमच्याच उदाहरणाचे साधे गणित करू. छातीची जाडी बीमच्या दिशेने २० सेमी आहे, दोन्ही बीम मध्यबिंदूवर समान डोस देतात, आणि फुप्फुसाची कमी घनता तूर्त बाजूला ठेवू. मध्यबिंदूवर १०० पैकी ५० एका बीमचे आणि ५० दुसऱ्याचे. ६ एमव्ही बीममध्ये १० सेमीपासून २० सेमीपर्यंत जाताना टीपीआर (खोलीनुसार डोस किती उरतो ते गुणोत्तर) साधारण ०.६७ पट होतो, आणि अंतर १०० सेमीवरून ११० सेमी झाल्यामुळे आणखी ०.८३ पट, म्हणजे समोरच्या बाजूने बाहेर पडणारा बीम त्वचेवर ५० पैकी सुमारे २७ ते २८ देऊन जातो. बाहेर पडणाऱ्या बाजूस मागून परत येणाऱ्या किरणांची थोडी उणीव असते, पण इलेक्ट्रॉनांची जमवाजमव पूर्ण झालेली असल्यामुळे हा भाग शेवटच्या मिमीतही फारसा ढळत नाही. आत शिरणाऱ्या बीमचा कमाल डोस त्याच हिशेबाने मध्यबिंदूच्या सुमारे दीडपट, म्हणजे ७६ च्या आसपास येतो. टँजेन्शियल बीम त्वचेवर तिरकस पडतो, म्हणून पृष्ठभागाजवळचा त्याचा वाटा लंब बीमपेक्षा बराच मोठा असतो. फिल्मच्या प्रभावी खोलीवर, म्हणजे ०.१५ मिमीवर, तो कमाल डोसच्या ३८ टक्के आणि ३ मिमी पट्ट्याच्या मध्यावर, म्हणजे दीड मिमीवर, ५८ टक्के धरू. मग फिल्मसाठी २९ अधिक २८, म्हणजे ५७. पट्ट्यासाठी ४४ अधिक २८, म्हणजे ७२. तुम्हाला आलेले आकडे ५८ आणि ७२ आहेत. आपातकोन आणि जाडी प्रत्येक ठिकाणी थोडी वेगळी असते, त्यामुळे हा मेळ तंतोतंत मानू नये; पण १४ गुणांच्या संपूर्ण तफावतीला अल्गोरिदमची एकही चूक लागत नाही, हे यातून दिसते.

याच गणितातून आणखी एक गोष्ट निघते, आणि ती मला महत्त्वाची वाटते. त्वचेवरचा जवळजवळ निम्मा डोस बाहेर पडणाऱ्या बीमचा असतो, आणि तो मोजण्यात आजचे अल्गोरिदम चांगले आहेत. अनिश्चितता आहे ती आत शिरणाऱ्या बीमच्या वाट्यात. तो भाग २० टक्क्यांनी चुकला, तरी ५७ मध्ये सहाचा, म्हणजे एकूण दहा टक्क्यांचा फरक पडतो. एकाच बीमवर, सपाट फँटमवर (शरीराच्या जागी वापरायच्या नमुन्यावर) केलेली चाचणी पाहून टीपीएस त्वचेच्या बाबतीत निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढणारे हे विसरतात की, समोरासमोरच्या दोन टँजेन्शियल बीममध्ये चूक आपोआप विरळ होते. उलट, सुप्राक्लॅविक्युलर (गळ्याच्या हाडावरच्या भागाच्या) फिल्डसारख्या जवळजवळ एकट्या पुढच्या बीमवर ती विरळ होत नाही, म्हणून तिथला त्वचेचा आकडा अधिक संशयाने पाहावा. स्तनाग्राजवळ जाडी कमी असते, बाहेर पडणारा वाटा मोठा असतो आणि बीम पृष्ठभागाला घासून जातो; तिथे त्वचेचा डोस स्तनाच्या इतर भागापेक्षा वर चढलेला दिसतो आणि तो चढ खराही असतो.

आत शिरणाऱ्या बीमचा भाग का चुकतो, याची कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत. पहिले कारण बीमच्या मॉडेलमागच्या मोजमापातच असते. कमिशनिंगच्या, म्हणजे वापरात आणण्यापूर्वीच्या मोजणीच्या, वेळी खोलीनुसार डोसचा आलेख बहुतेक विभाग सिलिंड्रिकल आयनायझेशन चेंबरने पाण्याच्या टाकीत घेतात. नेहमीच्या ०.१२५ घनसेमी चेंबरची आतली त्रिज्या पावणेतीन मिमीच्या आसपास असते. पृष्ठभागापाशी तो अर्धा पाण्याबाहेर असतो, आणि त्रिज्येच्या ०.६ पट वर सरकवलेला प्रभावी बिंदू हा खोलवरच्या भागासाठी ठीक असला तरी पहिल्या काही मिमीत ते गृहीतक धड टिकत नाही. समांतर-पट्टी चेंबर वापरला तर तोही बाजूच्या भिंतीतून येणाऱ्या इलेक्ट्रॉनांमुळे बिल्ड-अप भागात, म्हणजे पृष्ठभागापासून कमाल डोसपर्यंतच्या चढाच्या भागात, वाजवीपेक्षा जास्त दाखवतो. वेल्कली आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये आणि पुढे गर्बी व खान यांनी १९९० मध्ये यासाठी सुधारणा दिल्या, पण त्या लावल्याच जातात असे नाही. पृष्ठभागावरच्या डोससाठी कसोटीचे साधन म्हणजे एक्स्ट्रापोलेशन चेंबर, आणि ते फार थोड्या प्रयोगशाळांकडे असते. मॉडेल ज्या आलेखाशी जुळवून घेतले, तोच पहिल्या तीन मिमीत डळमळीत असेल, तर गणनेकडून तिथे अधिक अचूकतेची अपेक्षा करता येत नाही.

दुसरे कारण म्हणजे मशीनच्या डोक्यातून आणि हवेतून येणारे दूषित इलेक्ट्रॉन. फ्लॅटनिंग फिल्टर, कॉलिमेटर, ट्रे आणि मधली हवा यांतून ते निघतात, क्षेत्र मोठे झाले की वाढतात, आणि त्यांचा जोर पहिल्या काही मिमीतच असतो. टीपीएसमध्ये त्यांच्यासाठी बहुधा एक वेगळा स्रोत मानलेला असतो आणि त्याचे मापदंड चौकोनी, उघड्या, लंब क्षेत्रांवर जुळवलेले असतात. फिल्ड-इन-फिल्डमधले लहान अनियमित तुकडे, वेज (बीमची तीव्रता एका बाजूने कमी करणारी पाचर), किंवा एमएलसीने (बीमला आकार देणाऱ्या सरकत्या धातूच्या पट्ट्यांनी) अर्धे झाकलेले क्षेत्र यांसाठी तेच मापदंड कसे लागू पडतात, हे प्रत्येक प्रणालीत वेगळे असते. धातूचा वेज काही दूषित इलेक्ट्रॉन स्वतःच अडवतो, तर जबड्याच्या हालचालीने साधलेला डायनॅमिक वेज तसे करत नाही. खोलवर सारखेच दिसणारे हे दोन प्लॅन त्वचेवर मात्र सारखे नसतात.

तिसरे कारण भूमितीचे आहे आणि व्यवहारात तेच सर्वांत जास्त नडते. सीटीचा फिल्ड ऑफ व्ह्यू ५०० मिमी आणि मॅट्रिक्स ५१२ असेल तर एक पिक्सेल जवळपास १ मिमीचा, आणि काप अडीच किंवा तीन मिमीचे. त्वचेवरचा पिक्सेल अर्धा हवेत आणि अर्धा शरीरात असतो, म्हणून त्याचा एचयू (सीटीवरचा घनतेचा आकडा) मधलाच कुठला तरी येतो, आणि बाह्यरेषा कुठे पडणार हे स्वयंचलित आखणीची मर्यादा उणे ३५० ठेवली की उणे २०० यावर ठरते. मग त्यावर रेषा गुळगुळीत करण्याची पायरी, सीटीसाठी लावलेल्या धातूच्या तारा शरीरात धरल्या की वगळल्या हा प्रश्न, आणि शेवटी गणनेची ग्रिड, म्हणजे डोस काढायच्या बिंदूंची जाळी. ग्रिड अडीच मिमीची असेल तर पहिला गणनाबिंदू त्वचेच्या किती आत पडेल हे जवळजवळ योगायोगाने ठरते. एका कापात तो ०.३ मिमीवर असतो, पुढच्यात २ मिमीवर, आणि त्यांच्यामधले आकडे प्रणाली सरळ रेषेने भरून काढते, जेव्हा प्रत्यक्षातला आलेख अजिबात सरळ नसतो. १ मिमीच्या ग्रिडने हा दोष बराच कमी होतो. त्वचेचा डोस पाहायचा असेल तर निदान शेवटची गणना तरी १ मिमीच्या ग्रिडवर करावी, असे माझे मत आहे; आजच्या संगणकांवर त्यासाठी फार थांबावे लागत नाही.

अल्गोरिदम कोणता, यावर जितकी चर्चा होते तितका तो इथे निर्णायक नाही. जुन्या पेन्सिल बीम पद्धती तिरकस पृष्ठभागावर सरळच कमी पडतात आणि त्यांचा त्वचेचा आकडा पाहूच नये. एएए, कोलॅप्स्ड कोन आणि ॲक्युरॉस या नंतरच्या पद्धतींची स्थिती बरी आहे. काही प्रणालींत बाह्यरेषा त्वचेबाहेर थोडी हवेत वाढवून घेतली तर पृष्ठभागाजवळचा निकाल मोजमापाच्या जवळ येतो, कारण मग गणनेची सीमा नेमकी तीव्र उताराच्या जागी पडत नाही. पण मग त्वचेचा पट्टा आखताना मूळ रेषा जपून ठेवावी लागते, नाहीतर पट्टाच हवेत जातो. मोंटे कार्लोबद्दल, म्हणजे एकेका कणाचा प्रवास संगणकावर अनुकरून डोस काढणाऱ्या पद्धतीबद्दल, मात्र एक गैरसमज पसरलेला आहे. ती पद्धत भौतिकशास्त्र उत्तम हाताळते, पण २ किंवा ३ मिमीच्या व्हॉक्सेलमध्ये (घनाकृती तुकड्यात) डोस गोळा केला तर तीसुद्धा त्या व्हॉक्सेलची सरासरीच सांगते, बेसल थराचा डोस नव्हे. आणि मशीनच्या डोक्याचे मॉडेल चुकीचे असेल तर ती चूकही इमानाने पुढे नेते.

आता यात किती फरक मान्य करावा? एएपीएमच्या (अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या) टास्क ग्रुप ५३ च्या १९९८ च्या अहवालात बिल्ड-अप भागासाठी नमुना म्हणून दिलेल्या मर्यादा साध्या चौकोनी क्षेत्राला २० टक्के, तर गुंतागुंतीच्या स्थितीत ५० टक्क्यांपर्यंत जातात. याच अहवालात साध्या क्षेत्राच्या आतल्या भागासाठी १.५ ते २ टक्क्यांची भाषा आहे. इतका मोठा फरक अहवालकर्त्यांनी निष्काळजीपणे लिहिलेला नाही; या भागातली अचूकता मुळातच वेगळ्या पातळीची आहे, याची ती स्पष्ट कबुली आहे. त्यानंतर अल्गोरिदम सुधारले, तरीही नीट कमिशन केलेल्या प्रणालीत त्वचेच्या पहिल्या दोन मिमीसाठी मी १० टक्क्यांहून लहान फरकाला अर्थ देत नाही. दोन प्लॅनपैकी एकात पट्ट्याचा सरासरी डोस ७२ आणि दुसऱ्यात ७० आला म्हणून दुसरा त्वचेला सौम्य, असे म्हणणे धरून चालण्यासारखे नाही. ७२ आणि ६० असेल, ग्रिड, पट्टा आणि बाह्यरेषा एकच असेल, तर ते खुशाल म्हणावे.

मोजमापाकडे वळू, कारण तिथेही हाच खोलीचा प्रश्न उभा राहतो. ईबीटी३ फिल्ममध्ये २८ मायक्रॉनचा संवेदनशील थर असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना १२५ मायक्रॉनचे पॉलिएस्टर. म्हणून तिची प्रभावी खोली ०.१५ मिमीच्या आसपास, ०.०७ मिमीच्या थोडी खाली. रोजच्या कामासाठी मला ती सर्वांत सोयीची वाटते: पातळ असते, वाकते, बोलसखाली सरकवता येते. पट्टी एकाच दिशेने स्कॅनरवर ठेवावी, उपचारानंतर सुमारे २४ तासांनी स्कॅन करावी आणि कॅलिब्रेशनच्या पट्ट्यांनाही तेवढाच वेळ द्यावा. एवढे पाळले की एका भागाच्या डोसला ३ ते ५ टक्क्यांची अनिश्चितता धरता येते. टीएलडीची (तापवल्यावर प्रकाश देऊन डोस सांगणाऱ्या मापकाची) नेहमीची लिथियम फ्लोराइडची चकती ०.९ मिमी जाड असते, पण तिची घनता पाण्याच्या अडीचपटीहून जास्त असल्याने पाण्याच्या हिशेबात तिचा मध्य जवळपास १ मिमी खोलीवर पडतो. तिचा आकडा फिल्मपेक्षा चढा येणारच, आणि तो डर्मिसचा म्हणून वाचला तर बरोबरही आहे. वेगवेगळ्या जाडीच्या चकत्या वापरून शून्य जाडीकडे आलेख वाढवता येतो, पण रुग्णेवर ते क्वचितच कोणी करते. बिल्ड-अप टोपीच्या डायोडने त्वचेचा डोस कधीच मोजू नये. तो मुद्दामच कमाल खोलीचा डोस सांगण्यासाठी बनवलेला असतो. एका दिवसाच्या वाचनावर निर्णय घेणेही टाळावे. श्वास, हाताची जागा आणि पट्टीचा तिरकसपणा दर दिवशी थोडा बदलतो, म्हणून निदान तीन भागांची सरासरी हाती असावी.

फॅन्टमवरचे काम मात्र प्रत्येक विभागाने एकदा करून ठेवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण त्यामुळे पुढचे बहुतेक प्रश्न मिटतात. घन पाण्याच्या, म्हणजे किरणांना पाण्यासारख्याच वाटणाऱ्या प्लास्टिकच्या, पाट्यांमध्ये पृष्ठभागावर आणि १, २, ३ व ५ मिमीवर फिल्म ठेवून ०, ४५, ६० आणि ७५ अंशांच्या आपातासाठी डोस मोजावा. तीच रचना सीटी करून आपल्याच नेहमीच्या बाह्यरेषेने, आपल्याच ग्रिडने टीपीएसमध्ये काढावी. मग वर्तुळाकार किंवा स्तनाच्या आकाराच्या फॅन्टमवर समोरासमोरच्या दोन टँजेन्शियल बीमसाठी हेच पुन्हा करावे. यातून प्रत्येक खोलीला मोजलेल्या आणि काढलेल्या डोसचे गुणोत्तर मिळते. माझ्या अनुभवात ३ मिमीपासून पुढे हे गुणोत्तर एकच्या अगदी जवळ येते, आणि त्याच्या वरच ते भरकटते. म्हणजे टीपीएसवर विश्वास कोणत्या खोलीपासून ठेवायचा, हे तुमच्याच मशीनचे आणि तुमच्याच मॉडेलचे उत्तर म्हणून तुमच्या हाती येते.

आयएमआरटी आणि व्हीमॅट या बीमची तीव्रता जागोजागी बदलणाऱ्या पद्धतींमध्ये अचूकतेचा प्रश्न आणखी एक वळण घेतो. लक्ष्याचा आकार त्वचेपर्यंत नेला, तर ऑप्टिमायझरला (प्लॅन आपोआप सुधारणाऱ्या प्रणालीला) पहिल्या मिमीत कमी डोस दिसतो आणि ती तूट भरून काढण्यासाठी तो त्या बाजूने फ्लुएन्स (किरणांचा मारा) वाढवत जातो. काढलेला आकडा छान दिसतो, पण सूज येऊन स्तन ५ मिमीने पुढे आला की तोच वाढवलेला फ्लुएन्स नव्या ऊतींवर पडतो, आणि तिथला प्रत्यक्ष डोस प्लॅनमध्ये कुठेच दिसत नाही. म्हणून मूल्यमापनाचे लक्ष्य त्वचेपासून ५ मिमी आत घेण्याचा प्रघात आहे. टँजेन्शियल फिल्डमध्ये त्वचेबाहेर दीड-दोन सेमी जागा उघडी ठेवून हे सहज सुटते. व्हीमॅटमध्ये ऑप्टिमायझेशनपुरता खोटा बोलस धरून, शेवटची गणना त्याच्याशिवाय करावी लागते. त्या शेवटच्या गणनेत बोलस चुकून राहिला, तर त्वचेच्या आकड्याला काहीच अर्थ उरत नाही. तपासणीच्या यादीत हा मुद्दा वेगळा लिहून ठेवावा.

रुग्णेच्या शरीरात होणारे बदल बरेचदा गणनेतल्या चुकीहून मोठे असतात. स्तनाखालच्या घडीत आणि काखेत त्वचा त्वचेवर टेकते. तिथे वरची घडी खालच्या त्वचेसाठी बोलसचेच काम करते आणि डोस ९० टक्क्यांच्या पुढे सहज जातो. सीटीच्या दिवशी घडी होती आणि उपचाराच्या दिवशी ती उघडली, किंवा उलट झाले, तर प्लॅनमधल्या आकड्याचा तिथे काही उपयोग नाही. मोठ्या स्तनांच्या रुग्णांत साल निघण्याचे प्रमाण घडीतच जास्त दिसते, त्यामुळे फिल्मची एक पट्टी तिथे ठेवणे हे बाहेरच्या सपाट भागावर चार पट्ट्या ठेवण्यापेक्षा अधिक सांगून जाते. ब्रेस्ट बोर्डची कड किंवा कार्बन फायबरचे टेबल बीमच्या वाटेत आले तर त्या बाजूची त्वचेची राखण, म्हणजे पृष्ठभागाजवळ डोस कमी राहण्याचा फायदा, बरीच नाहीशी होते. २०१४ चा टास्क ग्रुप १७६ चा अहवाल याच विषयावर आहे, आणि ही साधने टीपीएसमध्ये आखली नसतील तर गणनेला त्यांचा पत्ताच नसतो.

आकड्यांचा वैद्यकीय अर्थ लावतानाही जपून राहावे. पिन्योल आणि सहकाऱ्यांच्या २००८ मधल्या बहुकेंद्री यादृच्छिक चाचणीत वेजच्या साध्या तंत्राऐवजी स्तनासाठीची आयएमआरटी वापरल्यावर मॉइस्ट डेस्क्वामेशन ४७.८ टक्क्यांवरून ३१.२ टक्क्यांवर आले. हा फायदा मुख्यतः स्तनातले जास्त डोसचे भाग कमी झाल्यामुळे मिळाला असे मी मानतो. त्वचेच्या पट्ट्याचा सरासरी डोस पाहून तो आधी ओळखता आला नसता. म्हणून पट्ट्याच्या सरासरीबरोबरच १०५ आणि १०७ टक्क्यांचे भाग कुठे पडतात आणि ते त्वचेच्या किती जवळ आहेत, हेही पाहावे. भागांची संख्याही विसरू नये. त्वचेला ६० टक्के मिळतात असे धरले आणि अल्फा-बीटा (एका भागाच्या डोसला ऊती किती संवेदनशील ते सांगणारे गुणोत्तर) १० घेतला, तर २५ भागांत ५० ग्रेच्या योजनेत त्वचेचा २ ग्रेशी समतुल्य डोस सुमारे २८ ग्रे, १५ भागांत ४० ग्रेच्या योजनेत २३ ग्रे, आणि २०२० मध्ये निष्कर्ष आलेल्या फास्ट-फॉरवर्ड चाचणीतल्या ५ भागांत २६ ग्रेच्या योजनेत १७ ग्रे येतो. उपचाराच्या एकूण कालावधीचा परिणाम यात धरलेला नाही. टक्केवारी एकच असली तरी वजन वेगळे, त्यामुळे जुन्या योजनेतून आलेली टक्केवारीची मर्यादा नव्या योजनेला तशीच लावता येत नाही.

तुमच्या रुग्णेबद्दल सांगायचे तर, मी प्लॅन बदलणार नाही. फिल्मचे ५८ टक्के म्हणजे बेसल थराच्या आसपास सुमारे २३ ग्रे, पट्ट्याचे ७२ टक्के म्हणजे दीड मिमीवर, डर्मिसच्या तळापाशी, सुमारे २९ ग्रे. दोन्ही आकडे आपापल्या खोलीसह नोंदवहीत लिहावे. हीच गणना १ मिमीच्या ग्रिडवर पुन्हा करून, त्वचेला लंब रेषेवर ३, ४ आणि ५ मिमीचे डोस वाचावे आणि ते फॅन्टमवरच्या गुणोत्तराशी ताडून पाहावे. पुढच्या भागात एक पट्टी स्तनाखालच्या घडीत ठेवावी. तिथे ९० टक्क्यांच्या वर आले, तर उपाय प्लॅनमध्ये शोधण्याआधी रुग्णेची स्थिती आणि आधार बदलून घडी उघडता येते का ते बघावे.

बोलसच्या प्रश्नात परिस्थिती उलटी होते. ५ मिमीचा बोलस नीट चिकटून बसला, तर त्वचा आता ५ मिमी खोलीवर आहे. तिथे उतार सौम्य असतो, मॉडेल भरवशाचे असते, आणि ६ एमव्हीच्या टँजेन्शियल बीममध्ये टीपीएसचा आकडा मोजमापाशी चांगला जुळतो. इथे बिघडते ती भूमिती. टीपीएसमध्ये आखलेला बोलस त्वचेला सर्वत्र चिकटलेला असतो, प्रत्यक्षातली चादर मात्र व्रणाच्या खळग्यावर, काखेच्या कडेला आणि उरोस्थीजवळच्या उतारावर उचलली जाते. मोठ्या क्षेत्रात २-३ मिमीच्या फटीने फारसे बिघडत नाही. ५ मिमीच्या पुढे, विशेषतः तिरकस बीममध्ये, त्वचेच्या डोसमधली घट दिसू लागते. यासाठी शक्य असेल तिथे बोलस प्रत्यक्ष ठेवूनच सीटी करावे, आणि उपचाराच्या वेळी सीबीसीटीवर (उपचाराच्या मशीनवरच घेतलेल्या सीटीवर) फटीची जाडी पाहावी. पितळी जाळीचा बोलस वापरत असाल तर सीटीतल्या कृत्रिम रेषांमुळे आणि धातूच्या घनतेमुळे टीपीएसचा आकडा घेऊ नये, फक्त फिल्मवर विसंबावे. बोलस एक दिवसाआड ठेवायचा असेल तर बोलससह आणि बोलसशिवाय अशा दोन गणना स्वतंत्र करून भागांच्या संख्येने जोडाव्यात. एकाच गणनेत अर्ध्या जाडीचा बोलस दाखवण्याची पळवाट चुकीचे उत्तर देते, कारण बिल्ड-अपचा आलेख सरळ रेषेत चढत नाही.

त्वचा हे लक्ष्य असलेल्या रुग्णांत, म्हणजे त्वचेत पसरलेल्या किंवा दाहक कर्करोगात, बोलसखाली मध्यभागी, व्रणावर आणि दोन्ही कडांना अशा चार जागी पहिल्या तीन भागांत फिल्म ठेवावी. मध्यभागी ९० टक्क्यांच्या वर आणि कडेला त्याहून बरेच कमी आले, तर मॉनिटर युनिट (मशीनने सोडायच्या किरणांचे माप) वाढवू नयेत, कारण मग मध्यभागाची त्वचा आणि खालचे फुप्फुस त्याची किंमत मोजतात. आधी कडेची फट बुजवावी, चादर कापून किंवा त्या रुग्णेच्या आकाराचा छापील बोलस करून, आणि मग तीच मोजणी पुन्हा घ्यावी.